शेवाळाची दिवाळी

गिरणीवर चकलीच्या भाजणीची रांग लागली की मला शेवाळ आठवतं. खमंग वास गल्लीभर पसरलेला असतो, डबे घेतलेल्या बायका एकमेकींना धण्या-जिऱ्याचं प्रमाण विचारत असतात, आणि मी आपली डबा कडेवर घेऊन उभी. डोळ्यांपुढं हिरवे, लांबच लांब, पाण्यात सावकाश हलणारे धागे. हसू येतं. पुढच्या बाईला वाटतं, मी तिच्याकडं बघून हसले. मग तीही हसते. आमच्या घरची दिवाळी अशी दोन अनोळखी बायकांच्या हसण्यानं सुरू होते, आणि त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते मी कुणाला सांगत नाही.

आमच्या बैठकीत बाबांचा फिश टँक आहे. आई त्याला हौद म्हणते. बाबा वीज मंडळात नोकरीला होते. निवृत्तीनंतर लोक बागेत फिरायला जातात, बाबांनी बागच घरात आणली आणि पाण्यात बुडवली. वाळूत रोवलेल्या वनस्पती, काळे दगड, त्यांच्या मधून फिरणारे शेपट्या मिरवणारे गप्पी. पाहुण्यांना वाटायचं मासे पाळलेत. बाबांचं म्हणणं असं, की मासे हे भाडेकरू, घर झाडांचं आहे.

त्या बागेत त्यांचं सगळ्यांत लाडकं एक नेचं होतं. जावा फर्न म्हणतात त्याला. ते वाळूत रोवत नाहीत. त्याचं आडवं खोड दगडाला बांधून ठेवावं लागतं, मग मुळं हळूहळू दगड धरतात. दगड आईच्या माहेरचा, लासूर स्टेशनजवळच्या ओढ्यातला. दोरा आईच्या शिवणाच्या डब्यातला, साडीला फॉल लावायचा हिरवा. एका उन्हाळ्यात बाबांनी चष्मा कपाळावर चढवून, जीभ दातांत धरून ते बांधलं होतं. आई म्हणाली होती, "माझ्या साडीला कधी एवढ्या मायेनं फॉल लावला नाय." बाबा म्हणाले, "तुझी साडी पाण्यात कुठं राहते?"

त्यांच्या हातांनी बांधलेली ती शेवटची गोष्ट. तेव्हा ते कुणाला माहीत असणार?

टँकच्या दिव्याचा त्यांचा एक नियम होता. दुपारचं जेवण झालं की दिवा लावायचा, आणि संध्याकाळी आईनं देवापाशी निरंजन लावलं, की टँकचा बंद करायचा. "माणसांचा दिवा लागला की माशांचा बंद," असं म्हणत ते बटण दाबायचे. टक्. काचेच्या आत संध्याकाळ व्हायची. गप्पी आपापल्या पानाखाली जायचे. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी यायची वेळ तीच. माझ्या डोक्यात दिवेलागणीचा आवाज म्हणजे घंटा किंवा शुभंकरोती नाही, ते टक् आहे.

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात बाबा गेले. कुणाला त्रास न देता, चहाचा कप अर्धा ठेवून.

जिथं त्यांना ठेवलं होतं त्या जागी रीतीप्रमाणं समई तेवत राहिली. आई तिच्यात तेल घालत राहिली. तेरावं झालं, समई उचलली गेली. ती जागा मोकळी झाली, फरशीवर तेलाचा एक गोल डाग राहिला. आई तिथं थोडा वेळ उभी राहिली आणि मग पलीकडं जाऊन तिनं टँकचा दिवा लावला. दुपार नव्हती. त्या संध्याकाळी निरंजन लागलं, पण टक् झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात तेवढा एक उजेड अखंड राहिला. सकाळी उठून बाहेर आलं की आई त्या निळसर प्रकाशात सोफ्यावर बसलेली दिसायची, आणि मला वाटायचं, चला, कुणीतरी जागं आहे.

आणि माणसं येत होती. दुःखाच्या घरात आलेल्या माणसांना हातांचं काय करावं ते कळत नाही. चहाला नको म्हणतात. बोलायला सुचत नाही. जाताना 'येतो' म्हणायचं नसतं. अशा वेळी समोर फिश टँक असला तर केवढा आधार! प्रत्येक जण उठून टँकपाशी जायचा, डब्यातलं चिमूटभर खाद्य पाण्यात सोडायचा, मासे वर यायचे, आणि आलेल्या माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटायचं. लासूरचे मामा तर मूठभर सोडायचे. "खाऊ द्या लेकरांना," म्हणायचे, "त्यांचा बी धनी गेलाय."

मी लहान असताना बाबा मला पाणचक्कीला न्यायचे. तिथल्या हौदातल्या माशांना लोक फुटाणे टाकायचे. बाबा मला टाकू द्यायचे नाहीत. "त्यांचं पोट भरलंय. आपल्याला हौस आहे म्हणून त्यांनी का खायचं?" मी रडायचे. ते मला फुटाण्यांची पुडी घेऊन द्यायचे, पण माझ्या पोटासाठी. मामांची मूठ उघडताना हे सगळं मला आठवत होतं. पण मामांचे डोळे भरलेले होते, आणि भरलेल्या डोळ्यांच्या माणसाला फुटाण्यांची गोष्ट सांगता येत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला काचेवर हिरवी धूळ दिसली. मी पुसली. ती परत आली. मग पानांच्या कडांना बारीक लव आली आणि बघता बघता तिचे धागे झाले. केसांसारखे, मऊ, चिवट. पाण्याच्या हलण्याबरोबर असे डौलात झुलायचे की क्षणभर सुंदर वाटावेत. मी जुना टूथब्रश पाण्यात घालून फिरवायचे. धागे त्याला गुंडाळत यायचे.

"काय, शेवया काढायलीस का?" आई सोफ्यावरून विचारायची.

"खीर करतेस?"

"टाक आत. दूध नासलं तर तुझ्या नावावर."

पुष्कळ दिवसांनी ती असं काही बोलली होती, म्हणून मी मुद्दामच रोज शेवया काढत बसायचे. पण काढल्या त्याच्या दुप्पट सकाळी तयार. हळूहळू त्यांनी बाबांचा दगड गाठला. नेच्याची लांबट पानं त्या हिरव्या जटांखाली दिसेनाशी झाली. हिरवा दोरा तर कुठं गेला ते कळेना. एका पानाला मी हात लावला तर ते बुळबुळीत होऊन हातात आलं. माणूस गेल्यावर त्याचे कपडे राहतात, चष्मा राहतो, पण वाढत राहणारी गोष्ट एकच होती, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत गुदमरत होती.

माझा स्वभाव असा, की संकट आलं की मी वाचते. शेवाळावर जगभर इतकं लिहिलेलं असेल असं वाटलं नव्हतं. तऱ्हेतऱ्हेची माणसं, सगळी आपापल्या टँकपुढं हताश बसलेली. कुणी म्हणे गोगलगायी सोडा, कुणी म्हणे कोळंबी. क्रांती चौकातल्या दुकानदारानं एक बाटली दिली, त्यावर माशांना अपाय नाही असं इतक्या वेळा छापलं होतं की मी ती उघडलीच नाही. पण वाचता वाचता एक साधी गोष्ट सगळीकडं पुन्हा पुन्हा भेटायला लागली. शेवाळ हा रोग नाही. झाडांना पुरून जो उजेड उरतो, माशांना पुरून जे अन्न उरतं, त्या उरलेल्याचं शेवाळ होतं.

मी फोन बाजूला ठेवला आणि टँककडं बघितलं. अखंड उजेड. मूठ मूठ अन्न. आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकानं आपली माया त्या पाण्यात सोडली होती, आणि पाण्यानं ती इमानदारीनं उगवून दाखवली होती.

उपाय लिहिलेला होता. खाद्य बंद, दिवा बंद, वर जाड कापड टाकायचं. हवेचा पंप तेवढा चालू ठेवायचा. तीन-चार दिवस अगदी मिट्ट काळोख. काळोखात शेवाळ मरतं. झाडं तेवढा काळ शिदोरीवर काढतात. मग भरपूर पाणी बदलायचं.

मी आईला सांगितलं. ती गव्हातले खडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिवा नाय बंद व्हायचा."

"अगं, पण झाडं मरतील."

"दुसरा कायतरी उपाय बघ. एवढी शिकलीस."

"आई, बाबांचं नेचं चाललंय."

तिनं ताट खाली ठेवलं. "वंदू, समई उचलली, मी काय बोलले का? त्यांचा पलंग हलवला, बोलले का? एवढा एक दिवा राहू दे. घरात पाय टाकला की अंधार नको मला."

तिला दिवा हवा होता आणि मला नेचं. दोघींना बाबाच हवे होते, पण दोन निराळ्या बटणांवर. ती आंघोळीला गेली की मी दिवा बंद करायचे. ती बाहेर आली की ओल्या हातानं लावायची. दोघी एकमेकींशी भाजीबद्दल बोलायचो.

अशात दिवाळी आली. दुःखाच्या घरात त्या वर्षी तळण करत नाहीत. फराळ शेजारपाजारच्यांकडून येतो. आमच्याकडं येणारं पहिलं ताट नसीम खालांचं होतं. त्यांची आमची कंपाउंडची भिंत एक, त्यांची गॅलरी आमच्या बैठकीच्या खिडकीसमोर. आईची आणि त्यांची मैत्री नळावरची. आपल्या शहरात पाणी किती दिवसांनी येईल याचा अंदाज बांधण्यात ज्या दोन बायकांचं तारुण्य गेलं, त्यांच्यात मैत्री होणारच. दरवर्षी दिवाळीला आईचा डबा तिकडं जायचा. त्या वर्षी खालांनी आयुष्यात पहिल्यांदा चकली केली होती.

"खा के देखो भाभी. नरम हो गई थोडी. दांत सलामत रहेंगे, ये समझ लो."

आई एक तुकडा मोडायला गेली. तो मोडला नाही, वाकला. आई गंभीरपणे म्हणाली, "मोहन जास्त झालं."

"कौन मोहन?" खाला म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर टँककडं गेली. "या अल्ला! ये क्या हालत बना के रखे? भैंस नहलाए क्या इसमें?"

मी संधी सोडली नाही. सगळं सांगून टाकलं: उजेड, अन्न, काळोखाचा उपाय, आणि आईचं नाही. आई माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी परक्या घरात तिची चुगली केली. खालांनी ऐकून घेतलं. पदर सावरला. आणि एकदम हसायलाच लागल्या.

"भाभी, तुम किसके नाम से बत्ती जला के रखे? भाईसाब के? अरे, वो तो बत्ती के दुश्मन थे!"

आईनं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"वो ईद याद है ना? शीरखुर्मा पिए, दुआ दिए, उठे, और जाते-जाते हमारी ट्यूब बंद! नीचे मेरे ससुराल वाले पूरे बैठे हुए. और पंखा भी उसी बटन पे था! मई का महीना! मेरी सास पूछी, ये कौन साब थे? मैं बोली, अम्मी, बिजलीवाले हैं, काट के गए."

आईच्या ओठांचा कोपरा हलला. मी बाबांची नक्कल केली: "दिवसाढवळ्या ट्यूब कशाला?"

आणि मग धरणच फुटलं. आई हसायला लागली. न्हाणीघरात मी असताना बाबा बाहेरून दिवा घालवायचे, ते आठवून. मामांच्या लग्नात मांडवातल्या माळा मोजून अर्ध्या काढायला लावल्या होत्या, ते आठवून. पावसात सगळ्या गल्लीची वीज गेली तेव्हा 'चला, आता कुणाची उधळपट्टी नाही' म्हणून शांत झोपले होते, ते आठवून. ती हसली, हसता हसता रडली, नाक पुसलं, पुन्हा हसली. खाला तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या आणि स्वतःच डोळे टिपत होत्या. बाबा गेल्यापासून त्या घरात त्यांच्याबद्दल सगळे चांगलं बोलत होते. खरं बोलणारं ते पहिलं माणूस होतं.

"एवढे दिवस दिवा जळायलाय," आई शेवटी म्हणाली. "ह्यांनी बघितला असता तर मलाच बोलले असते."

ती उठली. बाहेर दिवेलागण होत होती. तिनं देवापाशी निरंजन लावलं, परत आली आणि बटणावर बोट ठेवलं. ठेवलं आणि तसंच राहू दिलं. मग, टक्.

पुढचं सगळं काम तिनं हातात घेतलं. मी चादर आणली तर म्हणाली, यातून उजेड जातो. कपाटातून तिची संक्रांतीची काळी साडी निघाली. "आता मला कुठं नेसायचीय," असं म्हणून तिनं ती चौपदरी करून टँकला गुंडाळली, निऱ्या काढाव्यात तशी कोपऱ्यांवर दुमडली, पिना लावल्या. टँक एखाद्या नटलेल्या बाईसारखा दिसायला लागला.

"आणि खाणं नाय द्यायचं? दिवाळीत उपास?" आईला माशांची काळजी.

"रोजे रख लेंगे बिचारे," खाला म्हणाल्या. "चकली तो नक्को बोलेंगे मेरी."

सगळं शहर उजळलेलं असताना आमच्या घरी काळोखाची जोपासना चालली होती. समोरच्या गच्चीवर माळा लुकलुकायच्या, भुईनळे उसळायचे, आणि आमच्या बैठकीत काळ्या साडीतून फक्त पंपाचे बुडबुडे ऐकू यायचे. डोकावायची सक्त मनाई. आई मधूनच काचेला कान लावायची. "बोलायलेत," म्हणायची. मला वाटतं त्या दिवसांत तिला काळोखाची भीती वाटेनाशी झाली. आत काही जिवंत आहे हे माहीत असलं की काळोख म्हणजे नुसतं झाकण.

पेच पाण्याचा होता. पाणी बदलायला नळाचं ताजं पाणी चालत नाही, त्यातल्या औषधानं मासे दगावतात. ते उघडं ठेवून शिळं करावं लागतं. तशी आमच्या शहरात शिळ्या पाण्याची कमतरता नाही, ताज्याचीच आहे. पण त्या दिवशी घरात शिळं म्हणून जे होतं ते निळ्या ड्रमातलं, आणि आमचं धुण्याभांड्यांचंही तेवढंच. नळाची पाळी होऊन गेली होती, पाणी आलं नव्हतं. पाडव्याची दुपार. मी म्हटलं, एक दिवस थांबू. आई म्हणाली, "माशांना दे. आपण खरकटी राहू."

आम्ही पिना काढल्या. साडी उतरवली. आतलं पाणी गढूळ झालेलं, काही दिसेना. मी नळी लावून पाणी काढायला लागले, आई टूथब्रश घेऊन वर उभी. धागे आता हिरवे नव्हते. राखाडी, मलूल, हात लावला की सुटून येत होते. नळीतून वाहून जात होते. आई ड्रमातलं पाणी तांब्यातांब्यानं सोडत होती, देवाला घालावं तसं. पाणी निवळत गेलं. आधी एक गप्पी दिसला, रागावलेला. मग दुसरा. मग दगड.

दगडावर नेच्याची निम्मी पानं उरली होती. त्यावर काळे ठिपके, कडा झडलेल्या. मी वाईट वाटून घ्यायच्या तयारीतच होते.

"वंदू, चष्मा दे," आई म्हणाली. स्वतःचा नाही, तिनं बाबांच्या चष्म्याकडं बोट केलं. तो डोळ्यांवर धरून ती काचेला नाक लावून बघत राहिली. "हे बघ. पानाला पान फुटलंय."

मी वाकले. सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत ठिपकेदार पानाच्या पाठीवर नखाएवढी इवली नेची उभी होती. प्रत्येकाला पानं, प्रत्येकाला केसाएवढी मुळं. मी वाचलं होतं खरं, की हे नेचं असंच वाढतं, थकलेल्या पानावरच पिल्लं धरतं. वाचलेलं आणि दिसलेलं यांत फरक असतो. त्यांच्या खाली, दगडाला घट्ट, फॉलचा हिरवा दोरा. आता त्याची गरज नव्हती. मुळांनी दगड केव्हाच धरला होता.

आणि तेवढ्यात नळ आला! गल्लीत आरडाओरडा, बादल्यांचा आवाज, पलीकडून खालांची हाक: "भाभी, पानी! पानी!" आई बाबांचा चष्मा नाकावर तसाच ठेवून पाईप ओढत धावली. मी त्या दिवशी तिला धावताना बघितलं. पाडव्याला ओवाळायला घरात कुणी नव्हतं. पण तो पाडवा गोड झाला.

पिल्लांमधलं एक मी खालांना लोणच्याच्या बरणीत घालून दिलं. "मेरे कू मच्छर पालने हैं क्या?" असं म्हणून त्यांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. आता त्या बरणीलाही शेवाळ धरतं, आणि आई जाऊन त्यांना उजेडावर व्याख्यान देऊन येते. काळी साडी आईनं धुतली, वाळवली, आणि संक्रांतीला नेसली. "माशांनी नेसून उतरवलेली नेसायलीय मी," असं सगळ्या बायकांना सांगत हिंडली. मामा अजूनही मूठ भरतात. आई त्यांचा हात धरते आणि अर्धी परत डब्यात टाकायला लावते.

दुःख कमी झालं का, असं कुणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येत नाही. शेवाळही पूर्ण जात नाही. काचेच्या एका कोपऱ्यात, वरच्या बाजूला, थोडं असतंच. गप्पींची पिल्लं तिथं चरतात. त्याला तेवढंच खायला आणि तेवढाच उजेड मिळेल इतकं बघायचं, एवढं आपल्या हातात.

यंदाची भाजणी दळून आणली. चकल्या तळल्या, कडक झाल्या, खालांच्या मते दात पाडण्याइतक्या. काल वसुबारस. दिवेलागणीला मी घरात शिरले तर आईनं उंबऱ्यावर पणत्या लावल्या होत्या, देवापाशी निरंजन होतं. ती हात पुसत बैठकीत आली. "माणसांचा दिवा लागला की माशांचा बंद," ती पुटपुटली. टक्. काचेच्या आत संध्याकाळ झाली. नेच्याच्या आता दाट झालेल्या पानांत एकेक गप्पी शिरला.

समोरच्या गॅलरीतून हाक आली. "भाभी! बत्ती बंद हो गई! भाईसाब आ गए क्या?"

आई खिडकीशी गेली. "व्हय, आलेत!" ती ओरडली. "तुमची गॅलरीतली ट्यूब बी बंद करा म्हणायलेत!"

पलीकडून खालांचं हसू ऐकू आलं. मग टक्. ट्यूब गेली, आणि आमच्या उंबऱ्यावरच्या पणत्या एकदम मोठ्या दिसायला लागल्या.